उजवी सीट

लग्नाआधी सुमेधा विमान चालवायला शिकवायची. ही गोष्ट तिच्यापेक्षा अरविंदच लोकांना जास्त सांगायचा. कोपरखैरण्याच्या त्यांच्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये कुणी नवं माणूस आलं, की चहा पुढ्यात येण्याआधी त्याचं सुरू व्हायचं. "आमच्या हिनं मिसरूड न फुटलेल्या पोरांना एकट्यानं आकाशात धाडलंय, माहितीय?" पाहुणे चकित होऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. सुमेधा डब्यातून चकल्या काढत असायची. "धाडायचे. आता नाही," ती म्हणायची.

आता नाही, कारण तिचं रेटिंग सुटलं होतं. लायसन्स वेगळं आणि रेटिंग वेगळं. लायसन्स असलं की विमान चालवता येतं, पण दुसऱ्याला शिकवायचं तर इन्स्ट्रक्टरचं रेटिंग लागतं, आणि ते ठरावीक काळानं ताजं करून घ्यावं लागतं. जाई पोटात होती तेव्हा ते राहून गेलं. मग जाई तान्ही होती. मग अरविंदला रबाळ्याच्या पंपांच्या कारखान्यात प्रॉडक्शनला नोकरी लागली, आणि दादरचं बिऱ्हाड उचलून खाडीपलीकडे यावं लागलं. लायसन्स तिनं कसंबसं जिवंत ठेवलं. रेटिंगपर्यंत हात पोचला नाही. बघता बघता जाई पहिलीत गेली.

शहाण्णव साल होतं. खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, त्यातल्या काही बंदही पडू लागल्या होत्या, तरी पायलट व्हायचं वेड घेतलेली पोरं कमी होत नव्हती. घाटावर एका माळरानावर नवा फ्लाइंग क्लब निघाला होता. तिथला मुख्य इन्स्ट्रक्टर प्रसाद बिवलकर हा अरविंदचा कॉलेजातला मित्र. तो नेरुळला राहायचा, महिन्यातून एकदा तरी यांच्याकडे जेवायला यायचा. पावसाळा संपता संपता असाच एकदा आला, तेव्हा आमटीची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाला, "वहिनी, मला शिकवणारी माणसं मिळेनात हो. तुम्ही रेटिंग ताजं करून घ्या, दुसऱ्या दिवशी कामाला जुंपतो."

सुमेधाच्या हातातला डाव तसाच राहिला. "इतक्या वर्षांनी? जमेल?"

"रिफ्रेशर करावं लागेल. थोडं जमिनीवरचं शिक्षण, मग माझ्याबरोबर उड्डाणं. मी म्हटलं तयार आहे, की परीक्षक येणार, एक चाचणी घेणार. झालं."

तिनं अरविंदकडे पाहिलं. "कर की," तो म्हणाला. "तुला कुणी अडवलंय?"

त्या दिवसापासून सुमेधाचे शनिवार-रविवार बदलले. घरकामाला असलेल्या तळवलीच्या गिरजाबाई सकाळीच यायच्या, जाईला आंघोळ घालून खायला द्यायच्या. सुमेधा वाशीच्या हायवेवर जाऊन पुण्याची एसटी पकडायची, नाहीतर प्रसाद आपल्या मारुतीतून न्यायचा. ट्रंकेतली जुनी पुस्तकं तिनं बाहेर काढली होती. हवामान, नियम, इंजिन, आणि शिकवायचं कसं याची तिच्या स्वतःच्या हातची टिपणं. पोळ्या लाटताना ती मोठ्यानं म्हणायची, "आता मी नाक थोडं खाली घेते. क्षितिज काचेवर कुठं आलं बघ." शिकवणाऱ्याला हात चालवता चालवता तोंडही चालवावं लागतं, आणि दोन्हींचा मेळ बसावा लागतो. जाई ओट्याजवळ उभी राहून विचारायची, "आई, नाक कुणाचं?"

विमानात शिकणारा डाव्या सीटवर बसतो, शिकवणारा उजव्या. इतक्या वर्षांनी त्या उजव्या सीटवर बसून सुमेधानं पट्टा आवळला, तेव्हा तिला स्वतःच्या माहेरच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. प्रसाद डावीकडे शिकाऊ पोराचं सोंग घेऊन बसायचा, मुद्दाम चुका करायचा आणि तिनं त्या वेळेवर सावरायच्या, असा सराव. पहिल्या दिवशी खाली उतरल्यावर प्रसादनं आधी उड्डाणाची वेळ वहीत लिहिली. मग म्हणाला, "तू काही विसरलेली नाहीस." जमिनीवर तो तिला वहिनी म्हणायचा, विमानाजवळ सुमेधा.

घरी येऊन तिनं ते वाक्य अरविंदला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. पुढच्याच आठवड्यात तो एका संध्याकाळी कारखान्यातून परस्पर नेरुळला जाऊन आला. "प्रसादकडे बसलो होतो जरा," एवढंच म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर प्रसादचं बोलणं बदललं. "टायमिंग नाही आलं अजून," तो म्हणायला लागला. विमान धावपट्टीजवळ आलं की नाक हळूच उचलून ते टेकवायचं असतं. शिकाऊ पोरं नेमकी तिथंच चुकतात, आणि तिथं शिकवणाऱ्याचा हात डोळा लवायच्या आत पुढे जावा लागतो. प्रसाद म्हणायचा, "तुझा हात जातो, पण उशिरा जातो. किंचित. तुला कळत नाही."

"मला तर वेळेवर गेल्यासारखा वाटला."

"तेच. वाटतो."

दिवाळी झाली, नाताळ झाला. बरोबरीनं शिकायला आलेला एक जण चाचणी देऊन मोकळा झाला. सुमेधाचं मात्र "अजून दोन-तीन उड्डाणं करू" एवढंच चाललं होतं. तिच्या चुका नेमक्या कोणत्या, ते प्रसाद सांगत नसे. कधी हात घट्ट आहे म्हणे, कधी आवाजात खात्री नाही म्हणे. मग ती आवाजात खात्री आणायला जायची आणि हाताकडे दुर्लक्ष व्हायचं. हाताकडे बघायची तर वाक्य अर्धंच राहायचं. जानेवारीत एका रविवारी खरोखरच तिचा हात उशिरा गेला. विमान दाणकन आदळून उसळलं. प्रसादनं सावरलं आणि धावपट्टीच्या कडेला नेऊन उभं केलं. तिनं कानांवरचा हेडसेट काढून मांडीवर ठेवला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसली आणि रडली. अरविंदनं जाईला शेजारच्यांकडे पाठवलं. स्वतः आल्याचा चहा करून आणला आणि तिच्या शेजारी बसला.

"माझे हात गेले अरविंद," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाकी सगळं विसरेन पण हात विसरणार नाहीत."

"असं नको बोलू."

"प्रसादभाऊजी खोटं कशाला सांगतील? त्यांना माणसं हवीयत. मला जमण्यासारखं असतं तर त्यांनी कधीच सही केली असती."

अरविंदनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सुमे, माणूस एका वयात एक गोष्ट करतो. सगळ्यांना सगळं कायम जमलंच पाहिजे असं थोडंच आहे? तू प्रयत्न केलास. उगाच टेन्शन घेऊन जिवाला खाऊ नकोस."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली. आपल्याला असा समजूतदार नवरा मिळाला, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. असे रविवार नंतर बरेच झाले. प्रत्येक वेळी चहा तोच करायचा.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिनं ठरवलं, हा शेवटचा शनिवार. जायचं, प्रसादला सांगायचं, आणि पुस्तकं परत ट्रंकेत टाकायची. अरविंदलाही तिनं तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुला जे योग्य वाटेल ते," आणि तिचा डबा स्वतः भरून दिला.

क्लबावर त्या दिवशी कॅप्टन मिस्किटा आले होते. परीक्षक. वसईचे, साठी उलटलेले, अंगानं किडकिडीत. ज्या मुलाची चाचणी घ्यायला आले होते तो तापानं आलाच नव्हता. मिस्किटा चहाच्या टपरीपाशी खुर्ची टाकून वैतागून बसले होते.

"एवढ्या लांबून आलो मी. आता काय डोंगर बघत बसू?" मग त्यांची नजर सुमेधाकडे गेली. "ही कोण?"

"इन्स्ट्रक्टर रेटिंगचं रिफ्रेशर करतायत," प्रसाद म्हणाला. "पण सर, त्या तयार नाहीयेत अजून."

"चाचणी कुठं घेतोय मी? मला हवेत जायचंय. चल गं पोरी. शिकव मला विमान."

"सर, खरंच," प्रसाद पुढे आला, "त्यांचा कॉन्फिडन्स आधीच..."

"बिवलकर, हवेत मी असणार आहे तिच्याबरोबर. तू चहा पी."

सुमेधाला भीती वाटली नाही. जे सोडायचंच ठरवलंय त्याची कसली भीती? तिनं विमानाभोवती फेरी मारली, तेल पाहिलं, पंखा पाहिला आणि उजव्या सीटवर बसली. मिस्किटा डावीकडे बसले. "मी मठ्ठ पोरगा," ते म्हणाले. "बापानं जबरदस्तीनं पाठवलाय. लँडिंग शिकव."

आणि मठ्ठ पोरगा म्हणजे ते खरोखरच मठ्ठ झाले. पहिल्या खेपेला त्यांनी नाक फार लवकर आणि जोरात उचललं. विमान टेकायच्या ऐवजी फुग्यासारखं वर चढलं, वेग मरायला लागला, आणि त्यात ते नाक उचलायचा दांडा आणखी ओढायला लागले. "आय हॅव कंट्रोल," सुमेधाचा आवाज आला, आणि तो येईपर्यंत तिच्या हातांनी नाक खाली घेतलंही होतं, इंजिनाला पूर्ण जोर दिलाही होता. विमान माळावरून वर निघालं. "काही हरकत नाही," ती बोलतच होती. "तू जमिनीकडे बघत होतास. या खेपेला धावपट्टीच्या पार टोकाकडे बघायचं. नाक मी तुझ्याबरोबर उचलते." दुसऱ्या खेपेला त्यांनी नाक उचललंच नाही, ते तिनं उचललं आणि विमान पुन्हा वर नेलं. तिसऱ्या खेपेला ते दांडा घट्ट धरून दगडासारखे बसले, घाबरलेलं पोरगं बसतं तसे. तिनं त्यांच्या मनगटावर एक फटका मारला, दांडा सुटला आणि विमान तिनं टेकवलं. चाकं धावपट्टीला लागली ते फक्त आवाजावरून कळलं.

इंजिन बंद झाल्यावर मिस्किटा मनगट चोळत तिच्याकडे वळले. "कधीपासून चाललंय तुझं रिफ्रेशर?"

"पाऊस संपल्यापासून."

"कशाला?"

"माझं टायमिंग..."

"काय झालं टायमिंगला?"

"हात उशिरा जातो म्हणतात."

मिस्किटांनी तिच्याकडे नीट पाहिलं. गंमत करतेय का, ते बघत असावेत. "मी या धंद्यात म्हातारा झालोय," ते म्हणाले. "तुला दिवाळीलाच चाचणीला सोडायला हवं होतं. का रखडवलंय, ते तुझ्या ट्रेनरला विचार. मी विचारत नाही. मी विचारलं तर ते कागदावर जाईल."

प्रसाद हँगरच्या सावलीत उभा होता. ती येताना बघून त्यानं हातातली सिगारेट विझवली.

"वहिनी, चांगलं झालं ना?"

"मला वहिनी म्हणू नका. मला का रखडवलंत ते सांगा."

"हे बघ, प्रत्येकाची स्टँडर्ड्स..."

"मिस्किटा सर म्हणतात, दिवाळीला सोडायला हवं होतं."

प्रसादनं खाली पाहिलं. वाऱ्यानं हँगरचा पत्रा वाजत होता. विझलेली सिगारेट तो पुन्हा बुटानं रगडत राहिला, तेव्हाच तिला कळलं की कारण आहे आणि ते वाईट आहे. तरी ते काय असेल, हे तिच्या मनात आलं नाही. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी ती जागा द्यायची असेल.

"अरविंदनं सांगितलं होतं," प्रसाद म्हणाला.

"काय सांगितलं होतं?"

"घरी आला होता माझ्या. रडत होता गं तो. गेल्या वर्षी तिकडे विमान पडून एक इन्स्ट्रक्टर आणि पोरगा गेले नाहीत का, ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणाला, नापास करू नकोस. नापास केलंस तर ती पेटून उठेल, दुसरीकडे जाईल. फक्त लांबव म्हणाला. ती आपणहून सोडेल."

सुमेधाला एकदम ऊन लागल्यासारखं झालं, सावलीत उभी असून.

"आणि तुम्ही लांबवलंत."

"माझा मित्र आहे तो. मला वाटलं, दोन-चार आठवड्यांत तू कंटाळशील. तू कंटाळलीच नाहीस."

तिला एकच गोष्ट विचारायची होती. शेवटी तिनं विचारलं, "माझे हात उशिरा जात होते की नाही?"

"आधी नाही," प्रसाद म्हणाला. "नंतर तू अडखळायला लागलीस. जानेवारीत. ते खरं होतं."

त्याच्या मारुतीत ती बसली नाही. चालत हमरस्त्यापर्यंत गेली, हात दाखवून एसटी थांबवली. घाट उतरताना खिडकीतून वारा येत होता आणि ती तिच्याच दोन्ही तळव्यांकडे बघत बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का? लिंबू देऊ?"

घरी अरविंद जाईबरोबर जमिनीवर बसून शाळेचा तक्ता रंगवत होता. सुमेधाला बघून तो उठला. "सांगितलंस प्रसादला?" त्यानं हळुवारपणे विचारलं, आजाऱ्याला विचारतात तसं. "मी चहा टाकतो."

"नको," ती म्हणाली. "जाई, खाली खेळायला जा."

"तक्ता राहिलाय, आई."

"नंतर करू. जा."

दार लागल्यावर तिनं एकच वाक्य उच्चारलं. "नापास करू नकोस, लांबव, असं म्हणालास तू."

अरविंदनं नाकारलं नाही. तो खुर्चीत बसला. हाताला रंग लागला होता, तो पुसायला फडकं शोधू लागला, आणि मग तसाच राहिला.

"मला झोप लागायची नाही सुमेधा. तू वर असलीस की मी इथं मरत असायचो. जाईकडे बघायचो आणि..."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"तुला नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात."

"भांडलो असतो आपण."

"भांडलो असतो तर तू जिंकली असतीस," तो म्हणाला. "तू नेहमी बरोबर असतेस. माझ्याकडे भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं."

"म्हणून माझ्या हातांवर आलास?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्या रविवारी मी रडले. माझे हात गेले म्हणाले तुला. तुला ठाऊक होतं ते गेले नाहीत. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतास."

"मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. त्या दिवशी तर वाटलं, सांगून टाकावं."

"मग?"

"तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस," अरविंद म्हणाला, आणि रंगानं भरलेल्या हातांनीच त्यानं डोळे पुसले.

ती उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. तो खरंच रडत होता. भीतीही खरी होती, तिच्यावरचा जीवही खरा होता, हे तिला दिसत होतं. त्यानं काही हलकं होत नव्हतं. शत्रूनं केलं असतं तर ती नुसती चिडली असती. इथं चिडायला गेलं की हाताला तोच खांदा लागत होता.

सोमवारी तिनं मिस्किटांना फोन केला. ट्रेनर का बदलायचाय, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या एका क्लबात, अनोळखी ट्रेनरबरोबर तिनं उड्डाणं केली. पहिल्या दिवशी तिचा हात दांड्याजवळ जाऊन घुटमळायचा. आपण उशिरा जातोय का, हे आधी तपासायचा. त्या ट्रेनरला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, एवढा विचार कसला करता? होतंय की." होतंय, हे मान्य करायला तिला दोन शनिवार-रविवार लागले. मार्चअखेर चाचणी झाली. मिस्किटांनी या वेळी मठ्ठपणात कसलीही कसर ठेवली नाही, आणि सही करून पेन तिच्या हातात दिलं.

प्रसादनं अरविंदकडे निरोप पाठवला की जागा अजून रिकामी आहे. सुमेधानं उत्तर दिलं नाही. विदर्भातल्या एका क्लबाला माणूस हवा होता. राहायला दोन खोल्या, जवळच शाळा. तिनं होकार कळवला आणि मग घरी सांगितलं. विचारलं नाही.

अरविंद त्या संध्याकाळी वाशीहून पेढे घेऊन आला. जाईनं बॉक्स उघडला. "मला आनंद झालाय सुमे," तो म्हणाला. "मनापासून. तू जा. जाईची शाळा नको मोडायला, मी बघतो तिचं. गिरजाबाई आहेत."

सुमेधानं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. आठ-नऊ वर्षांत तो चेहरा तिला पाठ झाला होता. कदाचित तो खरं बोलत होता. बहुतेक खरंच बोलत असावा. पण ते ओळखायचं कशावरून, हे तिला आता कळेना. पेढा तिनं तोंडात टाकला. तो चांगला होता.

"जाई माझ्याबरोबर येईल," ती म्हणाली.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी त्या दोघी निघाल्या. गिरजाबाई सकाळीच आल्या, जाईची वेणी घालून दिली. "पोरीला नेतेस तं ने, बाय," त्या म्हणाल्या. "पन पानी उकळून देत जा तिला. तिकरचं पानी जड हाय म्हंतात." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

अरविंद कल्याणपर्यंत सोडायला आला. ट्रंक त्यानं बाकाखाली सरकवली, जाईला खिडकीची जागा दिली, पाण्याची बाटली भरून आणली. गाडी हलायच्या आधी तो खिडकीच्या गजांना धरून म्हणाला, "मी दर महिन्याला येईन."

"ये," सुमेधा म्हणाली.

"बाबा, नक्की?" जाईनं विचारलं.

"नक्की," अरविंद म्हणाला, आणि गाडी सुटली. जाई बराच वेळ हात हलवत राहिली. मग आत वळून तिनं आईला विचारलं, "बाबा येतील ना गं?"

सुमेधानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मुलीला खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं.